नव्वद की एकशेचाळीस

३ एप्रिल १९८३, रविवार

ही वही जानेवारीत घेतली. रोज लिहायचं ठरलं होतं. आज एप्रिल. मधले तीन महिने आधी पेन सापडत नव्हतं, आणि पेन सापडलं तेव्हा वही आत्यानं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती. म्हणजे चूक तशी माझी नाही. पण आता लिहिणं भाग आहे. आयुष्यात पहिल्यांदा लिहून ठेवण्यासारखं काम हातात आलंय.

काम असं. वस्तीवरची विहीर माघातच आटली. बाकीच्यांचे बैल छावणीला गेले, आमच्या लक्ष्मम्मा आत्याची जोडी तेवढी राहिली. ती रोज कोसभर लांबून दोन बॅरल पाणी आणते, अकरा घरांना. पण सोमवारी नाही. सोमवारी आमच्यात बैलाला जू लावत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. पणजोबापासून कुणी मोडलं नाही, आणि आत्या तर मोडणारच नाही. रविवारचं पाणी सोमवारी दुपारपर्यंत पुरतं. पुढं घागरी वाजतात.

म्हणून मी पुढं झालो. नांदेडला धोंडप्पामामाच्या किराणा दुकानामागं जुनी जीप पडून होती. मामा म्हणाले, उन्हाळाभर दर सोमवारी आत्याच्या वस्तीला पाणी आण, मिरगाला जीप तुझी. न्हाई जमलं तर गुमान दुकानात बसायचं आन् गूळ तोलायचा.

मी गूळ तोलायला जन्माला आलेलो नाही.

जीप काल आणली. लोह्यापर्यंत झकास. पुढं मागून आवाज सुरू झाला, लेक सासरी धाडताना बाया रडतात तसा, एकसुरी आणि लांबलचक. अहमदपूरला सटवाजी मिस्त्री खाली वाकला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा असतो, त्याला डिफ्रन्शल म्हणतात. म्हणाला, ह्याचं सील गळून राहिलं, तेल संपलंय. सील बदल, तेल घाल, अर्ध्या दिवसाचं काम हाय. मी विचारलं, कोणतं तेल. तो म्हणाला, गेअर ऑइल, मंग काय खोबरेल घालतो का भोपळ्याला.

अडाणी माणूस. सगळं तेलातच असतं. सील नंतर बघू.

संकल्प: ११ तारखेच्या सोमवारी पाणी जीपनं.

५ एप्रिल, मंगळवार

लातूर. गुरुबसप्पांचं स्पेअर पार्टचं दुकान. शरणार्थ, ख्यालीखुशाली वगैरे झालं. त्यांनी विचारलं, नव्वद देऊ का एकशेचाळीस. मला वाटलं गिऱ्हाईकाचा नंबर विचारतात. तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हणालो, त्याचाच अभ्यास चालू आहे. त्यांनी सांगितलं, नव्वद पातळ, एकशेचाळीस घट्ट. तुम्ही स्वतः कोणतं घालता, असं विचारलं तर म्हणाले, मी इकतो, घालत न्हाई.

प्रामाणिक माणूस. पण उपयोग शून्य.

येताना नव्या कलेक्टर ऑफिसकडून आलो. जिल्हा झाल्यापासून जिकडंतिकडं पाट्या. एक पेंटर जुन्या फळीवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहून राहिला होता. ‘तू’ जरा वाकडा वाटला, सांगितलं. तो म्हणाला, मालक, जिल्हाच नवा हाय, बसंल हळूहळू सरळ. मग त्यानं चहा पाजला. दोन तास कसे गेले कळलं नाही. एसटी गेली.

तेल घेतलं नाही. अभ्यासाशिवाय घेणं म्हणजे मूर्खपणा.

८ एप्रिल, शुक्रवार. दुपार

जीपच्या सीटखाली कंपनीचं पुस्तक सापडलं. इंग्रजी. मी नववी दोनदा केली, म्हणजे वर्षं मोजली तर दहावी शिकलेलो आहे. पुस्तकात नव्वद लिहिलंय. जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात पान उलटलं तर चित्रात जीप बर्फात उभी. बर्फात. इथं गोठ्याच्या सावलीत बेचाळीस डिग्री. हे पुस्तक आपल्यासाठी नाही.

आत्या विचारून गेली, सोमवारचं नक्की ना. तिला पातळ-घट्ट समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमटीसारखंच हाय की. आन् मंग पोळी कवा वाढतो.

११ एप्रिल, सोमवार

पाणी नाही.

कारण तांत्रिक होतं. आत्याला ते पटलं असावं, कारण ती लगेच कामाला लागली. तांब्या घेऊन प्रत्येक घरात मापानं वाटत फिरली. शेजारच्या नीलाबाईचं बाळ वीस दिवसांचं आहे. तिला आत्यानं आमच्या वाटणीतलंही दिलं. मी दुपारचा चहा सोडला. त्याग म्हणजे त्याग. संध्याकाळी सिद्रामप्पांकडं घेतला. सिद्रामप्पा म्हणजे नीलाबाईचा नवरा. त्यांनी बशी पुढं केली आणि म्हणाले, पी, निम्मा दूधच हाय, पाणी कुठून आणू.

संकल्प: १८ तारीख. मागंपुढं नाही.

१५ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस नांदेड. पुस्तकी ज्ञान सोडलं, आता अनुभवी माणसं. ट्रक ड्रायव्हरांना विचारत सुटलो. एक म्हणाला नव्वद. दुसरा म्हणाला, नव्वद घालणारा ड्रायव्हर न्हाई, क्लीनर असतो. तिसरा म्हणाला दोन्ही निम्मं-निम्मं. मग ते आपसातच लागले. मी मध्ये पडलो नाही, फक्त टिपणं घेतली.

दुसरा अर्धापूरला केळी भरायला निघाला होता. म्हणाला, चल, रस्त्यात सांगतो. रस्त्यात त्यानं स्वतःच्या मेव्हण्याबद्दल सांगितलं. अर्धापूरला केळी भरायला मीही लागलो, दोन दिवस. अकरा केळी खाल्ली. तेलाबद्दल शेवटी एवढंच निघालं की एकशेचाळीसचा आवाज कमी येतो. हे महत्त्वाचं.

मामांना कार्ड टाकलं. ‘जीप एकदम ओके. सोमवारी पाणी येऊन राहिलं. वस्ती खूश. आपला, शिवमूर्ती.’ खोटं नाही, थोडं आधी लिहिलंय इतकंच. पेटी मामांच्या दुकानापासून दोन गल्ल्या लांब होती. आत गेलो नाही. माणूस कामात असतो.

१८ एप्रिल, सोमवार

पाणी नाही. आज सांगण्यासारखं कारण नाही. केळ्यांनी पोट बिघडलं होतं, आणि वस्तीवर पाणी नसताना पोट बिघडणं काय असतं ते मला विचारा.

२० एप्रिल, बुधवार

निर्णय झाला. एकशेचाळीस.

लातूरहून पाच लिटरचा डबा एसटीत मांडीवर घेऊन आणला. कंडक्टर म्हणाला, बाळाला झोपवा आता. लोक हसले. हसू देत. गुरुबसप्पांनी विचारलं, सील घेऊन जाता का, मिस्त्री लोक आधी सीलच मागतात. सांगितलं, आज फक्त तेल. उद्या भरणार. डबा गोठ्यात, जीपशेजारी ठेवला.

२१ एप्रिल, गुरुवार

भरलं नाही. पहाटे जाग आली आणि डोक्यात आलं, हिवाळ्यात काय. एकशेचाळीस थंडीत गोठलं तर. त्या बर्फाच्या चित्राचा आपण नीट विचारच केला नाही.

२३ एप्रिल, शनिवार

आज मात्र हात घातला. खालचा बोल्ट खोलला, घमेल्यात जुनं तेल काढलं. निघालं दोन चमचे, काळंकुट्ट, त्यात लोखंडाची चमकी. भोपळा रिकामा. म्हणजे आता जीप जागची हलवताच येत नाही. अर्धी लढाई जिंकली.

उरली ती शंका कंपनीलाच विचारावी म्हणून मुंबईला पत्र लिहिलं. पुस्तकात पत्ता आहे. उत्तर येईपर्यंत भरणं योग्य नाही.

आत्या गोठ्यात शेण काढायला आली होती. डब्याकडं बघून म्हणाली, ह्याला आता लेकरावानी खेळवतोस का पाजतोस. गाडीच्या आखाचं वंगण संपलं हाय, चाकं बोंबलून राहिलीत, बैलांचा जीव जातो. मी म्हणालो, बघू. म्हणजे वंगणाचं बघू. तिनं काय ऐकलं कोण जाणे.

२५ एप्रिल, सोमवार

आज सकाळीच ठरवलं, कंपनी गेली उडत. हिवाळ्याचं हिवाळ्यात. आत्ता भरायचं आणि बाराच्या आत पाणी.

डबा उचलला. फुलासारखा हलका. तळाला बोटभर तेल.

आत्यानं शांतपणे सांगितलं. शनिवारी तू ‘बघ’ म्हणलास म्हणून घेतलं. आधी आपल्या आखाला लावलं. लई ब्येस चाललं. मंग गाडीला टांगलेला वंगणाचा नळा भरून ठेवला. मंग सिद्रामप्पाची रिकामी गाडी पडून हाय, तिलाबी लावलं, गंजून जाईल न्हाई तर. मंग रहाटाला लावलं. रहाट आटलेल्या विहिरीवरचा. म्हणाली, पाऊस येईल की कवातरी, तवा कुरकुर नको.

मी गप्प बसलो नाही. तिला सांगितलं की हे लाकडी चाकाचं तेल नाही, हे डिफ्रन्शलचं आहे, ह्यामागं तीन आठवड्यांचा अभ्यास आहे, दोन जिल्हे पालथे घातलेत. ती म्हणाली, हाव, वासावरून कळलं मला भारी असणार.

पाणी नाही. नीलाबाई आली होती, रिकामी घागर काखेत. माझ्याकडं बघितलं नाही. तिनं बाळाचं बाळुतं तीन दिवस धुतलेलं नाही, हे आत्याला सांगत होती, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मी जीपखाली जाऊन पडलो. तपासायला.

मामांना कार्ड: ‘पाणी व्यवस्थित. काळजी नसावी.’

१ मे, रविवार. संध्याकाळ

आत्यानं वस्ती गोळा केली आणि सांगितलं, उद्या पाणी येणार.

मला बरं वाटलं. म्हणजे तिनं अखेर हट्ट सोडला, बैल जुंपणार. मीही मग चार शब्द बोललो. म्हणालो, आत्या, काळ बदललाय, जिल्हासुद्धा बदलला, बैलाला काय कळतो वार. महादेव समजून घेईल. सगळे ऐकत होते. चांगलं बोललो.

आत्यानं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, बैलाला सोमवारी जू न्हाई. ते न्हाईच. पर तुझ्याबद्दल घरात काय नेम न्हाई.

२ मे, सोमवार. दुपार चारच्या पुढं

खांदा सुजलाय. डाव्या हातानं लिहून राहिलो, म्हणून थोडक्यात.

उजव्या बाजूला मी, डाव्या बाजूला सिद्रामप्पा. मागून बाया ढकलायला. दोनाऐवजी एकच बॅरल बांधलं, ही सवलत. आत्या पुढं चालत होती, हातात चाबूक नव्हता पण तोंड होतं. बैल गोठ्यात बसून रवंथ करत होते. निघताना पांढऱ्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

सिद्रामप्पा वाटेत एवढंच बोलले, शिवमूर्ती, जरा पाय उचल, बैल असतास तर बाजार दाखवला असता. जाताना रिकामं, येताना भरलेलं. ओढ्याच्या चढावर डोळ्यांपुढं काजवे. गाडी मागं सरायला लागली तेव्हा आत्यानं स्वतः चाकाला खांदा लावला. तिचं वय साठ. मग सगळ्यांनी जोर लावला. मीही.

पाणी आलं. अकरा घरांना. नीलाबाईला दोन घागरी. तिनं बाळाची बाळुती दोरीवर घातली ती मला इथनं दिसून राहिलीत. सात.

एक गोष्ट मात्र नमूद करतो, कारण दुसरं कुणी करणार नाही. जाऊन-येऊन दोन कोसांत चाकानं एकदासुद्धा कुरकुर केली नाही. भर उन्हात, भरल्या वजनाला, चढाला. एकशेचाळीसच बरोबर होतं. नव्वद असतं तर आज माझं काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

संकल्प: उद्या लातूर. नवा डबा. आणि सील. सील आधी. मिस्त्रीचं म्हणणं अगदीच चुकीचं नसावं. पुढच्या सोमवारी काही झालं तरी जीपच. खांद्याची हळद वाळली की लगेच कंपनीलाही कळवतो, की तेल कसोटीला उतरलं म्हणून, आणि मामांना एक कार्ड

कार्ड राहू दे. फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. सिद्रामप्पा अंगणातनं ओरडून सांगतात, नांदेडचे पाव्हणे आले. धोंडप्पामामा. मागं धोतराचा सोगा धरून सटवाजी मिस्त्री. कार्डं वाचून मामांना फार आनंद झाला म्हणे, गाडीचं काम डोळ्यांनी बघावं म्हणून आले. मिस्त्रीला अहमदपुरातनं सोबत घेतला, सर्व्हिसिंगला.

मामा दारातच विचारत होते, आज सोमवार, पाणी आणणारं कुठं हाय आमचं.

आत्या सांगून राहिली, आणलं की सकाळीच. हळद लावून ओसरीवर पडलंय. या, बघा.