पटलावर ठेवलेलं भाषण

गुरुवार, संध्याकाळ

खासदार झालेला आमचा बाळू आज लोकसभेत बोललाच नाही. पाण्यावरच्या चर्चेत त्याचं नाव होतं, म्हणून शेजारची नजमाभाभी दुपारपासून माझ्याकडे टीव्हीसमोर बसून होती. ईदची ठेवणीतली ओढणी डोक्यावर घेऊन. टँकरचं पाणी जिन्यावरून चढवताना तिचा हात मोडला, ती हकीकत मीच त्याला भाषणात लिहून दिली होती. चर्चेची वेळ संपली आणि त्याने भाषणाचा कागद न वाचताच सभागृहाच्या टेबलावर, नोंदीसाठी, देऊन टाकला.

फोन केला तर म्हणतो, "ताई, पटलावर ठेवलं की! म्हणजे बोलल्यातच जमा."

"ऐकलं कुणी?"

"नोंद झाली ना."

धाकटा भाऊ म्हणून पुढचं गिळलं. का गिळलं? त्याच्यासाठी मतं मागत या गल्लीत मीच फिरले होते.

भाभीने विचारलं, "बाई, उनो मेरा नाम लिए क्या?"

"कागदात आहे."

ती उठली. "कागदात तर आमचं पाणीबी रोज येतं, बाई."

ती ओढणी डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या टँकर आला की तिच्या बादल्या मी चढवणार. ते काम तरी पटलावर ठेवता येत नाही.