वाळूसाठी बर्फाचं यंत्र

शनिवार, १० एप्रिल १९९९

मॅनेजर पेंडसेंनी आज फाईलमधला कागद बदलायला लावला, म्हणून ही वही. ऑफिसच्या फाईलवर भरवसा राहिला नाही. जे होईल ते इथे, तारखेसकट.

कागद म्हणजे तुलनातक्ता. लहान ट्रॅक्टरला कोणती अवजारं जोडायची त्याचा. ट्रॅक्टर महिनाभर अर्दियाच्या गोदामात उभा. अहमदीकडच्या ऑइल कंपनीच्या बंगल्यांचं काम १ मेपासून आपल्या कंपनीकडे: आवार, हिरवळ, आणि धुळीचं वादळ येऊन गेलं की रस्त्यावरची वाळू काढणं. तक्त्यात मी चार नावं घातली होती. पुढची बादली, मागचं पातं, फिरता झाडू आणि ब्लोअर. ब्लोअर बर्फाचा. थंड देशात अंगणात पडलेला बर्फ ओढून घेतो आणि नळकांड्यातून लांब फेकतो. डीलरकडे पडून होता. कुवेतमध्ये का पडून होता, हे कुणी विचारलं नाही.

शेवटचा रकाना चालवणाऱ्याच्या मताचा. तुकाराम परब. कुडाळकडचा, आखाती युद्धाआधीपासून इथे लोडरवर. त्याने सांगितलं तसं लिहिलं: पातं आणि बादली घ्या, ब्लोअर नको.

पें. (पूर्ण नाव दर वेळी लिहायची गरज वाटत नाही) म्हणाले, "मॅडम, सातवी पास माणसाचं मत टेक्निकल डॉक्युमेंटमध्ये? उद्या चहावाल्याचं पण घ्या."

रकाना काढला. मीच पुन्हा टाईप केलं. जुना कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला.

मंगळवार, १३ एप्रिल

ब्लोअरची ऑर्डर गेली. पें.चं शास्त्र असं: कॅटलॉगमध्ये लिहिलंय, कोरड्या भुसभुशीत बर्फाला हे यंत्र उत्तम. वाळू कोरडी, भुसभुशीत. भिंतीपलीकडे फेकली की काम संपलं. "बेसिक फिजिक्स आहे हो."

बी.एस्सी. होऊन मला अठ्ठावीस वर्षं झाली. बरंच विसरले. पण बर्फ वितळतो आणि वाळू वितळत नाही, एवढं आठवतं. तसं बोलले. एकदाच. ते हसले. मग ऑर्डरवर तपासणीची सही मीच केली. तीही इथे लिहून ठेवते.

परब टेबलाशी आला. "मॅडमानू, रेंव उडवून खंय जातली? वारो आसा ना! परत आपल्याच तोंडार येतली."

रेंव म्हणजे वाळू. मी म्हटलं, साहेबांना सांगा.

"सांगलंय. साहेब म्हणतत, परब, तू गिअर बघ, फिजिक्स मी बघतंय."

शुक्रवार, ३० एप्रिल

महाराष्ट्र मंडळाचा महाराष्ट्र दिन, शुक्रवारची सुट्टी म्हणून एक दिवस आधी. पें.चं भाषण, "मराठी माणूस आणि तंत्रज्ञान". कुवेतमध्ये प्रथमच वाळूवर असा प्रयोग, वगैरे. टाळ्या. ज्याच्यावर प्रयोग होणार तो परब मागे सतरंज्या घालत होता, मग जेवणाची भांडी उचलत होता. सौ. पेंडसे त्याला म्हणाल्या, "परब, तुम्ही शेवटी बसा हं, आधी पाहुणे."

मी श्रीखंडाची वाटी तशीच सरकवली. ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या.

बुधवार, ५ मे

पहिलं मोठं वादळ काल. आज ब्लोअर लावला. मी मुद्दाम साईटवर गेले.

हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. म्हणजे ट्रॅक्टर दिवसभर उलटा चालवायचा. परब मान मागे वळवून, एक हात सीटच्या पाठीवर. वाळू उडाली खरी. वारा समोरून. अर्धी परबच्या अंगावर, उरलेली पलीकडच्या बंगल्याच्या गाड्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर. एक गोरी बाई बाहेर आली आणि चादरी गोळा करून आत गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पिन तीनदा तुटली. दगड किंवा वाळूचा गठ्ठा आत अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. त्यासाठीच ती मऊ लोखंडाची ठेवलेली असते. हे मला परबने दोन वाक्यांत समजावलं. पें.ना कॅटलॉगच्या चाळीस पानांत सापडलं नाही.

दुपारनंतर चार माणसांनी फावड्यांनी रस्ता मोकळा केला.

शनिवार, ८ मे

गुरुवारी मालक, अबू फहद, ऑइल कंपनीच्या लोकांना घेऊन साईटवर येणार. त्यांच्यासमोर यंत्र थांबता कामा नये. पें.नी परबला सांगितलं, पिना काढ, कडक पोलादी बोल्ट टाक.

परब स्टोअरमध्ये आला, पण बोल्ट घेईना. "मिया असा कधी केलंय नाय. बोल्ट तुटूचो नाय, मगे काय तुटतला तां सांगा."

पें. माझ्यादेखत: "तुला नोकरी करायची आहे ना? इकामा या महिन्यात संपतोय ना तुझा?"

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनी देईल तरच. परबची मुलगी गावी नर्सिंगला आहे, अजून दोन वर्षं आहेत. हे पें.ना ठाऊक आहे. सुट्टीच्या अर्जावर त्यांनीच वाचलंय.

मी म्हटलं, स्लिपवर सही केल्याशिवाय स्टोअरमधून काही निघत नाही. सहा बोल्ट, कडक. पें.नी वैतागून सही ठोकली. "काय मॅडम, सरकारी कचेरी केलीत."

गुरुवार, १३ मे

झालं.

पाहुणे आले. चहा, खजूर. ब्लोअर सुरू. दहा मिनिटं उत्तम चाललं, पें. इंग्रजीत समजावत होते. मग पाणी घालायच्या पाईपचा सिमेंटचा ठोकळा वाळूखाली होता तो आत गेला. पिन असती तर पिन तुटली असती. गिअरबॉक्स फुटला. एक तुकडा परबच्या गालावर, कानाखाली. तो मागे बघत होता. उलटा चालवताना दुसरीकडे कुठे बघणार?

रक्त कॉलरच्या आत. तशात त्याने आधी इंजिन बंद केलं, मग खाली उतरला.

पें.चं पहिलं वाक्य: "सॉरी जंटलमेन, ऑपरेटर एरर."

मी परबला माझ्या गाडीतून नेलं. सात टाके. वाटेत एकच विचारलं त्याने, "मॅडमानू, आता कॅन्सल करतले काय माका?" गाडी चालवत राहिले.

शनिवार, १५ मे

पें.नी रिपोर्ट डिक्टेट केला. "ऑपरेटरने परवानगीशिवाय चुकीचे बोल्ट वापरले." शिफारस: इकाम्याचं नूतनीकरण करू नये, रद्द करून परत पाठवावं.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, हे वाक्य मी टाईप करणार नाही.

"मग मी करतो."

दोन बोटांनी तासभर केलं. टायपिंगसुद्धा येत नाही धड. नंतर गोड आवाजात, "मॅडम, ते स्लिप बुक जरा पाठवा ना." म्हटलं, पुस्तक माझ्या ताब्यात असतं, ताब्यातच राहील. त्यांचे कान लाल झाले. मला आनंद झाला नाही. किळस आली, झुरळ पायाखाली आल्यावर येते तशी.

रविवार, १६ मे

घरी सांगितलं. हे आज मीना अल-अहमदीहून, कामावरून, दमून आले होते, बूट काढता काढता म्हणाले, "आपण दोन वर्षांत नाशिकला जाणार. पेंडसे रोज भेटणारा माणूस आहे. परब काय, उद्या दुसऱ्या कंपनीत लागेल."

इकामा रद्द झाला तर लागणार नाही. आपल्या कंपनीने सोडपत्र दिलं तरच. हे ह्यांना माहीत आहे. तरी बोलले.

मुलगी खोलीतून, "आई, जस्ट शो देम द स्लिप! व्हॉट्स द बिग डील?"

सोळा वर्षांची आहे. तिला मोठं काही वाटत नाही. मला रात्रीची पोळी कडू लागली.

मंगळवार, १८ मे

अबू फहदच्या दिवाणखान्यात गेले. पें.ना न कळवता. स्लिप बुक समोर उघडं ठेवलं. तारीख, बोल्ट, सही. पिन कशासाठी असते ते सांगितलं. बर्फाचं यंत्र आहे हेही सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं!

"थल्ज?" म्हणाले. बर्फ? मग पोट धरून हसले. "मदाम, इन कुवेत?"

माझी तपासणीची सही मीच दाखवली. लपवण्यात अर्थ नव्हता. ते हसायचे थांबले.

"पेंडसे गुड मॅन. टेंडर ही नोज. परब आल्सो गुड मॅन." स्लिपचं पान त्यांनी स्वतः फाडलं, घडी करून अंगातल्या पायघोळ दिशदाशाच्या खिशात घातलं. "आय विल सी, इन्शाल्ला."

माझ्याकडे कार्बनची प्रत उरली. सही पुसट उमटली आहे.

गुरुवार, २० मे

पें.ना दिवाणखान्यातलं कळलं. दुपारी बोलले. "आपल्यातल्या गोष्टी अरबाकडे न्यायच्या नसतात, मॅडम. मराठी माणूस इथेच मार खातो."

म्हटलं, मार परबने खाल्ला. सात टाके.

सौ. पेंडसेंचा संध्याकाळी फोन. यंदा गणपतीत प्रसादाची जबाबदारी दुसऱ्या कुणाला देताहेत. "तुम्हाला ऑफिसचं फार असतं ना." मी बरं म्हटलं आणि ठेवला.

परब टाके घेऊन कामावर. ट्रॅक्टर धुऊन पुसून ठेवलाय. ब्लोअर काढून गोदामाच्या मागे, ताडपत्रीखाली. पात्याची ऑर्डर कुणी दिलेली नाही. वाळू फावड्यानेच चाललीय.

शनिवार, २२ मे

कंपनीचा मंदूब आला, सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा. हातात अबू फहदची दोन ओळींची चिठ्ठी: परबचा पासपोर्ट आणि सिव्हिल आयडी द्या.

सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कपाटात असतात. विचारलं, तज्दीद की कॅन्सल? म्हणजे नवा इकामा की रद्द?

"मा अद्री, मदाम." खरंच माहीत नव्हतं त्याला. खाली त्याची गाडी चुकीच्या जागी उभी होती, घाई होती.

पें. त्यांच्या काचेमागे फोनवर. वर बघितलं नाही.

अबू फहदना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चिठ्ठी मालकाची, सही खरी. न देण्याचा अधिकार मला नाही.

परब दाराशी उभा होता. त्याच्यासमोर दिलं. रजिस्टरमध्ये लिहिलं ते इथेही:

पासपोर्ट, एक. तुकाराम परब.
सिव्हिल आयडी, एक. मूळ.
फोटो, चार. निळी पार्श्वभूमी. गालावर पट्टी नाही, जुने आहेत.
घेणार: मंदूब. सही घेतली. वेळ ११.४०.
देणार: मी.
कशासाठी: रकाना कोरा.