लाकूड उतरवताना

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे. दोनच खोल्या, पण उजेड भरपूर. सामान लावायच्या आधी हिने खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, इथे तुमची हाडं जरा शेकून निघतील. निवृत्त सुताराला कोण विचारतो? मला विचारलं, म्हणून स्वारी खुशीत आहे. कारखाना चार मिनिटांवर. लष्कराच्या जुन्या बंदुकांचं लाकूड उतरवून काळं प्लास्टिक चढवायचं. लाकूड म्हणजे खांद्याला टेकतो तो दस्ता आणि नळीखालची, हाताने धरायची पट्टी. एकूण सातशे बंदुका. गोळी एकीतही नाही. मुकादमाला सगळे पाठीमागे ‘पाचर’ म्हणतात. फट दिसली की घुसतो म्हणे. मला तरी बरा वाटला, हसून बोलला.

७ फेब्रुवारी
अस्सल अक्रोड! तेल पिऊन पिऊन काळपट झालेला. प्रत्येक दस्त्यावर गाल टेकायच्या जागी खळगा आहे, माणसांच्या गालांनी झिजवलेला. नवा दस्ता नेमका बसावा म्हणून आधी जुना खांद्याला लावायचा, गाल टेकून उंची घ्यायची, मग मळसूत्रं सोडायची. आज तीस झाले. प्लास्टिक हलकं, गुळगुळीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उतरलेलं लाकूड पहारेकरी बंबात घालतो. बघवत नाही. पण मी सांगकाम्या, बोलणार काय?

११ फेब्रुवारी
संध्याकाळी अंगातलं सगळं बळ गळून जातं. उजवा खांदा ठणकतोय. तेल चोळता चोळता ही थांबली. खांद्याच्या खोबणीत तळहाताएवढा निळाजांभळा डाग आहे. कुठे धडकलात, म्हणून तीनदा विचारलं. कुठेच नाही. वय झालं, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, किती वर्षं गोळ्या झाडल्यात? म्हटलं, उभ्या जन्मात फटाक्याला हात लावला नाही. त्यांना मी थापा मारतोय असं वाटलं. उजव्या कानाने निम्मंच ऐकू येतं. दाढी करताना वस्तरा उजव्या गालात खाली उतरतो, तिथे खळगा पडलाय. ही म्हणाली, दाढा पडल्या असतील. दाढा सगळ्या जागेवर आहेत. मी जिभेने मोजल्या.

१८ फेब्रुवारी
हे काम माझ्या आधी एका सुताराने सुरू केलं होतं, हे आज कळलं. पाचरला खोदून विचारलं. म्हणाला, त्याची बायको बसल्या जागी गेली, हृदय बंद पडलं. हा समोरच होता. आता लेकीकडे असतो. लेक त्याचे डोळे बांधून ठेवते. का, ते पाचरला ठाऊक नाही. की सांगायचं नाही? मी काम सोडतो म्हटलं. त्याने खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या. दोनशेच राहिल्यात, दुसरा माणूस मिळेपर्यंत ओढा.
ओढतोय.

२१ फेब्रुवारी
उजवी तर्जनी आपोआप वाकते. चमचा धरला तरी वाकते. आणि डावा डोळा मिटतो. दुपारी दारात टेकलो होतो. समोर पत्र्यावर कबूतर बसलेलं. डोळा मिटला, बोट वाकलं. कबूतर पत्र्यावरून गडगडत खाली आलं.
हातात काहीच नव्हतं माझ्या. काहीच.

२२ फेब्रुवारी
योगायोग, योगायोग, असं दिवसभर घोकलं. संध्याकाळी फाटकाशी पहारेकऱ्याची कुत्री शेपूट हलवत आली — रक्त नाही, जखम नाही. पहारेकरी तिचं डोकं मांडीवर घेऊन रडला. मी शेजारी उभा, हात पाठीमागे. त्याला काय सांगू?

२४ फेब्रुवारी
लाकूड परत चढवलं तर सुटेल, असं वाटलं. बंबाकडे धावलो. राख. पाचशेच्या वर माणसांचे गाल, आणि सगळ्यांची राख.
हिला सगळं सांगितलं. तिच्याकडे न बघता. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला. भावाकडे जा म्हटलं तर भांडली. म्हणाली, आजारी माणसाला टाकून जाऊ? तुम्ही मला ओळखलंत तरी का कधी?
इतका थकलोय की भांडताही येत नाही.

२६ फेब्रुवारी
बोटाला फळी बांधली — फळी मोडली. डाव्या हाताने लिहितोय. डोळ्यांवर फडकं बांधलं, उजव्या हाताने सोडलं. मी नाही सोडलं. हाताने सोडलं.
कारखान्यातल्या सुतारी हत्यारांच्या खोलीत कोंडून घेतलंय. आतून कडी नाही, नुसतं दारातच बसवलेलं कुलूप. किल्ली माझ्याकडे.

२७, सकाळ
पाणी संपलं. झोप नाही. हात मात्र ताजातवाना —

२७, दुपार
ही दाराशी. अहो, उघडा. बत्तीस वर्षांत कधी माझ्यावर दार लावलंत का?
जा म्हणालो. ओरडून म्हणालो.
पाचरकडे दुसरी किल्ली आहे म्हणते. आणली आहे —
दाराकडे पाठ करून बसलो. भिंतीकडे तोंड. काही झालं तरी वळायचं नाही. काही झालं तरी.
कुलूप वाजलं.
बघा ना इकडे, म्हणते. मी बघत नाही. भिंतच बघतोय, भिंत आणि खिडकी — खिडकीची काच —
काचेत ती. दारात उभी. रडतेय.
डावा डोळा मि