चौदा नंबरच्या गाडीवरचा हात

भिसेगाव, कर्जत
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

वाघ्या,

तुला, कोंडीला आणि तुमच्या प्रियाला येसूदादाचा रामराम. आम्ही इकडे बरे आहोत. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतो कोण. तुझी खबर तुमच्या वाडीतल्या चिंधीकडून मिळते. ती कडावच्या बाजारात भाजी घेऊन बसते, तेव्हा विचारतो. साजगावला कुठल्याशा कंपनीत गोणी उचलायला जातोस म्हणाली. पन्नाशीला आलास रे, पाठ सांभाळ.

फोन केले, तू उचलत नाहीस. म्हणून हा कागद. तुला वाचता येतं, पण चष्मा लावायची लाज वाटते, तेव्हा हे प्रियाच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. वाचू दे तिला.

बंगल्यावर सेठ आहे तसाच आहे. आता त्याने शर्यतीतले ड्रायव्हर घालतात तसले बूट मागवलेत, लाल रंगाचे. ते घालून तो गॅरेजमधल्या सोफ्यापासून त्या शर्यतीच्या गाडीपर्यंत चालतो आणि परत येतो. गाडी चालवत नाही. चालवणार कुठे? तिचं पोट जमिनीपासून चार बोटं वर, कडावच्या पहिल्याच गतिरोधकावर फाटेल. महिन्यातून एकदा दहा मिनिटं मी इंजिन चालू करायचं आणि सेठने कानात बोळे घालून, डोळे मिटून समोर उभं राहायचं. गणपतीच्या आरतीतही तो कधी इतका वेळ गप्प उभा राहिलेला मी पाहिला नाही.

निलेश मॅनेजरचं तर विचारूच नको. माणसांना अरे-तुरे करतो आणि गाडीबद्दल बोलताना आवाज खाली आणतो. रविवारी मुंबईचे पाहुणे येतात, हात मागे बांधून गाडीभोवती फिरतात, मर्तिकाला आल्यासारखे. दार उघडायला मी उभा, पांढरे हातमोजे घालून. बत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत गाड्यांखाली पाठीवर पडून काढली, कधी हातात मोजे चढले नाहीत. आता म्हातारपणी दार उघडायला मोजे. मोठी माणसं अशी असतात, त्यांना हात हवा असतो पण तो दिसायला नको असतो.

दोन वर्षं तू त्या गाडीची राखण केलीस, मी तिचं तेलपाणी बघितलं, आणि ती काय आहे हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. सगळं इंग्रजीत चालायचं. या दिवाळीत सेठने खोपोलीच्या पाहुण्यांना हिंदीत सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

बेल्जियम देशातल्या एका लहानशा कारखान्यात तसल्या तीनच गाड्या झाल्या. एक जळाली, एक मोडीत गेली, ही उरली. त्यांच्या शर्यती म्हणजे चोवीस चोवीस तास, हजार हजार किलोमीटर पळायचं. ड्रायव्हर दमला की बदलतो, गाडी तीच. वर्षभराच्या शर्यतींचे गुण धरून अजिंक्यपद देतात. चाळीस वर्षांपूर्वी वर्षातली शेवटची शर्यत पावसात झाली. दोन तास उरले असताना चौदा नंबरच्या, म्हणजे आपल्या या गाडीचा ब्रेक गेला. ह्यूगो नावाच्या फिटरने भर पावसात, तापलेल्या चाकात हात घालून तो बदलला. मागचं झाकण लावलं आणि तेलकट हाताने त्यावर थाप मारली, निघ म्हणून. गाडी निघाली आणि शर्यत जिंकली, वर्षाचं अजिंक्यपदही जिंकलं. ह्यूगो त्याच हिवाळ्यात आजाराने वारला. म्हणून त्या कारखान्याच्या मालकाने गाडी धुवायची नाही असं ठरवलं. पुढे तीन मालक झाले, कोणी धुतली नाही. शर्यतीचा सुकलेला चिखल आणि मागच्या झाकणावर त्या फिटरचा काळा हात, पाचही बोटांचा, तसाच राहिला.

खंडेनवमीपर्यंत राहिला.

त्या दिवशी काय झालं ते तू जाणतोस. मग मी का लिहितो? प्रियाला माहीत नाही म्हणून. तू तिला सांगितलं नसशील, मी तुला ओळखतो.

सकाळचे दहा वाजले होते. सेठ मुंबईत, निलेश झेंडू आणायला कर्जतला गेलेला. गाडीला फडकं लावायचं नाही असा हुकूम होता, तो मला पाठ होता. पण मी मनात म्हटलं, हा माणूस घाण जपतो, याला खंडेनवमी काय कळणार. न धुतलेल्या गाडीला मी जन्मात हळदकुंकू लावलेलं नाही. मी पाइप मागितला. तू दिला नाहीस.

"दादा, नका करू," तू म्हणालास. "सेठ म्हनलाय हात लावायचा नाय. कुनाची तरी आठवन असंल ती."

मी म्हणालो, तू गेट बघ. आणखी एक म्हणालो. अंगावर वॉचमनचा शर्ट चढला तरी डोकं वाडीवरच राहिलं रे तुझं. प्रिया, हे मी तुझ्या बापाला म्हणालो. ज्याच्याबरोबर गॅरेजमागे बसून दोन वर्षं भाकरी खाल्ली, त्याला.

पाइप मी स्वतः घेतला. चिखल साबणाने गेला, मागचा हात जाईना. कोण हा हलगर्जी फिटर, आमच्या डेपोत असता तर चांगला फैलावर घेतला असता याला, असं पुटपुटत मी रॉकेलचं फडकं घेतलं. सगळ्या गाडीला लावला नसेल इतका जोर त्या एका हातावर लावला. मग हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी लख्ख झाली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी सेठ आला. ओरडला नाही, तिथेच फरशीवर बसला. किसने किया, एवढंच विचारलं. पाण्याच्या मोटारीची किल्ली तुझ्याकडे असायची, म्हणून निलेशने तुझ्याकडे बोट केलं. मी झेंडूच्या हाराकडे बघत राहिलो. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि म्हणालास, "मी धुतली."

माझ्या ऋतिकाचं लग्न सेठच्या लॉनवर ठरलं होतं. फुकट लॉन, दिव्यांच्या माळा, नवऱ्यामुलाकडची माणसं खूश. तुला तेव्हाच कामावरून काढलं. निघताना गेटवर तू मला म्हणालास, "दादा, तुमच्या घरात लगीन हाय. पोरीचा मांडव मोडाया नको." आणि मी काय म्हणालो, तर सायकल घेऊन जा. सायकल तुझीच होती.

लग्न झालं. लॉन हिरवंगार होतं, फोटो चांगले आले. सेठ फिरकलाही नाही. कोंडीने नवं सूप पाठवलं होतं, हळदीला तेच घेतलं. ऋतिकाची आई म्हणाली, वाघ्याभावजी का आले नाहीत? मी म्हटलं, कामावर असेल.

सेठची ती चामड्याची फाइल तू बघितली आहेस. गाडीचा जन्म, शर्यती, मालक, कुठला पार्ट कधी बदलला, सगळं तिच्यात. ह्यूगोच्या हाताचा मोठा फोटो आहे. आता त्यापुढे शेवटचं पान आलं. त्यावर तुझा गेटपासचा फोटो, खाली इंग्रजीत दोन ओळी. मी मोबाइलवर फोटो काढला आणि ऋतिका माहेरी आली तेव्हा तिला वाचायला दिला. तिने अर्थ सांगितला. चाळीस वर्षांचा इतिहास एका अडाणी आदिवासी वॉचमनने एका सकाळी पुसून टाकला, असं लिहिलं आहे. ती म्हणाली, बाबा, काकांनी खरंच केलं हे? मी पाणी प्यायला उठलो.

दर रविवारी ते पान उघडायचं, सेठने वाचायचं, पाहुण्यांनी हसायचं. मी मोजे घालून शेजारी. काल एक बाई म्हणाल्या, या लोकांना कळणार तरी काय. त्या वाईट नव्हत्या, नुसत्या आईस्क्रीम खात होत्या. मी मोजे काढले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आधी हिंदीत, मग मराठीत. "गाडी मी धुतली. वाघ्याने मला अडवलं होतं."

सेठला वाटलं, ऊन लागलं. खुर्ची मागवली. मी पुन्हा तेच सांगितलं तेव्हा तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रहने दो दादा, पेज छप गया है. और वॉचमनवाली बात लोगों को ज्यादा पसंद आती है."

बघ, असा हा इतिहासाचा भक्त. खरं काय ते त्याला समोरून सांगितलं तर त्याला नको. चिखल गेला होता, त्याच्या जागी पाहुण्यांना दाखवायला त्याला तू सापडलास.

मी ते पान फाइलमधून ओढून काढलं. निलेश आडवा आला, त्याला म्हटलं, बाजूला हो. तो झाला. मोजे गाडीच्या छपरावर ठेवले आणि चालत कडावला आलो. निलेश ते पान पुन्हा छापेल, मला माहीत आहे.

आज सकाळपासून त्या रस्त्यावरच्या पाच बंगल्यांच्या गेटवर जाऊन आलो. निलेशने तुला कुठेच ठेवू नका म्हणून सांगून ठेवलंय ना, तिथे. चौघांनी ऐकून घेतलं आणि गेट लावलं. पाचव्या, निळ्या गेटच्या बंगल्यात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या म्हणाल्या, त्यांना येऊ द्या, मी बोलते. वाटलं तर जा. माझं नाव सांगायची गरज नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. सेठ मला मूर्ख वाटत आला, आजही वाटतो. पण त्या मूर्खाने एका फिटरचा हात जपला होता, मिरवायला का होईना. मी फिटर असून तो पुसला. आणि त्याच संध्याकाळी एका लॉनसाठी तुलाही पुसलं. त्या बंगल्यावर सगळ्यात हलका माणूस सेठ नव्हता, निलेशही नव्हता. रोज आरशात त्या माणसाची दाढी करतो मी, मला त्याची किळस येते.

पान सोबत ठेवलं आहे. चुलीत घाल. फोटो कोंडीला आवडला तर तेवढा कापून ठेवा, त्यात तू चांगला दिसतोस.

प्रिया, आता इथून पुढचं बसल्या जागी वाचू नकोस. बाहेर अंगणात ये आणि वाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच.

चौदा नंबरची गाडी मी धुतली.

येसाजी राघो ऐनकर
फिटर