एका जहाजाच्या दोन याद्या

३ नोव्हेंबर १९९२, मंगळवार

पांढऱ्या रंगाचा एक डबा — दोन दिनार. खरी किंमत वेगळीच: आमच्या ड्रायव्हर अन्सारच्या व्हॅनच्या बहरीनच्या मीना सलमान बंदराला चार फेऱ्या, जहाजांना माल पुरवणाऱ्या माझी अख्खी दुपार, आणि दोन जुन्या दोस्तांचं बोलणं बंद.

कप्तान स्टेपान युक्रेनचा. जहाजाच्या मागे मूळ बंदराचं नाव त्याला लिहायचंय ओडेसा. इंजिनियर गेन्नादी रशियाचा. त्यानं डबा परत पाठवला — आधी ठरू दे, जहाज कोणाचं! सोव्हिएत देश फुटला, जहाज एकच उरलं, दोन्ही सरकारं म्हणतात आमचं. कागद येईपर्यंत धक्क्यावरून हलायचं नाही. ज्याचा देश जिंकेल तो राहणार, दुसरा घरी. बावीस वर्षं एकत्र काढलीत दोघांनी.

४ नोव्हेंबर

आज किराण्याच्या दोन याद्या आल्या, एकाच भटारखान्यासाठी. एक कप्तानाची, एक इंजिनियरची. बीट, कोबी, बटाटे. दुसरीतही बीट, कोबी, बटाटे. बोलणं तुटलं त्या दिवशी भांडलेही एकाच भाषेत, रशियनमध्ये. याच धक्क्यावर देशोदेशीच्या खलाशांत गोणी वाहून मोठा झालो, माझे कान फसत नाहीत.

रेडिओवर सांगत होते, तिकडे अख्ख्या आरमाराची वाटणी अडलीय, अणुबाँबचीसुद्धा. दापोलीला अब्बा आणि चाचांची वाटणी झाली तेव्हा विहीर मधोमध आली. आधी बायका पाणी भरताना बोलू लागल्या, मग पुरुषांना बोलावंच लागलं. यांना एका ताटाशी बसवलं पाहिजे.

५ नोव्हेंबर

दोघांना उद्या जेवायला बोलावलं. एकमेकांचं सांगितलं नाही.

बायको, नूरबानो, म्हणाली, "तुमाला भाजी पोचवायचे पैसे मिलतात, का देश जोडायचे?"

६ नोव्हेंबर, शुक्रवार

तह झाला! गुदैबियात, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी!

दारात एकमेकांना बघून थबकले. मग कप्तान बाजूला सरला, इंजिनियरला आधी आत जाऊ दिलं. सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. दुसऱ्या भाकरीला कप्तानानं आपल्या ताटातली तुकडी त्याच्या ताटात घातली. निघताना गळ्यात पडले, बराच वेळ सुटेनात. राजधान्यांना जमलं नाही ते जमालुद्दीन मुकादमानं केलं.

"दोगांच्या डोल्यांत पानी होतं," नूरबानो म्हणते.

"तुझं तिखट."

"कप्तानाला मी बिनतिखटाचं वाढलेलं."

७ नोव्हेंबर

बाब अल बहरीनच्या बाजारात चार दुकानांत सांगून आलो. सोनाराकडे दोनदा.

८ नोव्हेंबर

अन्सार रंग पोचवून आला. "शेठ, मागं नाव लिवलं. ओडेसा नाय, रशियाचं पन नाय. मोनरोव्हिया."

म्हणजे लायबेरिया. आफ्रिकेत. दोन्ही सरकारांनी मिळून जहाज तिसऱ्यालाच विकलं. नवे खलाशी मंगळवारी येतायत, या दोघांची घरची तिकिटं निघाली.

विक्रीचा टेलेक्स जहाजावर शुक्रवारी सकाळीच आला होता, दोघांनीही वाचलेला. जेवणाच्या आधी.