आठ जणांना आठ माइक

सोमवार, ९ फेब्रुवारी

आप्पा,

वाकून नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तेव्हा चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही.

मी बरी आहे. घरमालकीणबाईंनी शेवटी नळ दुरुस्त करून दिला. स्टुडिओत अजून केबली गुंडाळण्याचंच काम जास्त. साहेब म्हणतात, ज्याला केबल नीट गुंडाळता येत नाही त्याच्या हाती माइक देऊ नये. फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. आई म्हणते, "त्यांची पाठ धरलीय, बाकी ठीक." असू दे पाठ.

मागच्या रविवारी, एक तारखेला, माझं काय चुकलं ते लिहायचंय. तुमच्या बँडला पंचवीस वर्षं झाली म्हणून रेकॉर्डिंग करायचं आणि ते मी करायचं, असं बँडमास्तरांनी ठरवलं तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. घरातली पहिली पदवीधर, आणि तिचं पहिलं स्वतःचं काम आपल्याच माणसांचं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मी सकाळपासून स्टँड लावत होते. पंखे बंद केले, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. आठ जणांना आठ माइक. कुणाचा सूर कुणाखाली दबता कामा नये, ज्याचं त्याला मिळालं पाहिजे, हे माझं तत्त्व. ट्रंपेटचा माइक लांब, ढोलाचा आणखी लांब, तुमचा मात्र हातभर अंतरावर, कळांच्या जरा वर. क्लॅरिनेटचा सूर नुसता टोकातून येत नाही, भोकाभोकांतून येतो, हे मला कॉलेजात शिकवलं. तुम्ही ते मी सहा वर्षांची असतानाच सांगितलं होतं.

आणि मग तुमच्या माइकवर काही येईना. मी केबल बदलली. माइक बदलला. जवळ सरकवला. तिसऱ्या वेळी मी सगळ्यांदेखत म्हणाले, "क्लॅरिनेट एक, आवाज येत नाहीये, पुन्हा वाजवा." आप्पासुद्धा म्हटलं नाही, क्लॅरिनेट एक म्हटलं. तुम्ही क्लॅरिनेटची पत्ती काढून डबीत ठेवलीत आणि म्हणालात, "पदवीचं भेंडोळं आणलं म्हणून कान मोठे होत नाहीत. यंत्र बिघडलंय तुझं." आणि जिना उतरून गेलात. मलाही राग आला होता. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

इथे परत आल्यावर मी फक्त तुमचा माइक ऐकला. लिहू की नको असं चार दिवस चाललंय, पण आता लिहितेच. त्यात कळांची टकटक आहे, अगदी तालात. तुमचं एकही बोट चुकलेलं नाही. सूर मात्र नाही, एक जागा सोडली तर. बाकी जो आहे तो शेजारी क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बारीककाकांचा, लांबून येणारा. आणि दोन गाण्यांच्या मध्ये तुमचा श्वास. तो श्वास मी पुन्हा ऐकू शकत नाही, आप्पा. रुमालात दाबलेला खोकलाही आहे.

मी बारीककाकांना फोन केला. (त्यांना अजून बारीक म्हणतात, म्हणजे तुमच्या बँडात विनोदबुद्धी शिल्लक आहे.) मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "पोरी, दोन वर्षं झाली. मास्तरला ठाऊक आहे, ढोलवाल्यालाही ठाऊक आहे. त्याला दम लागला की मी त्याचं उचलतो. माझा दात पडला होता तेव्हा सहा महिने त्यानं माझं उचललं. आम्ही आठ जण मिळून आठ जणांचं वाजवतो. कुणाचं किती, ते कधी कुणी मोजलं नाही. तू मोजायला आलीस."



तुम्हाला वाटत असेल की त्यांना कळू नये. त्यांना कळलेलं आहे आणि त्यांची खुर्च्यांची रांग बदललेली नाही. आईला मात्र ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही, ते तुम्हीच सांगायचं. शुक्रवारी मी येतेय. शनिवारी सकाळी छातीच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव लावलंय. पाठीच्या नव्हे, छातीच्या. भांडायचं असेल तर वाटेत भांडू.

आणि रविवारी रेकॉर्डिंग पुन्हा आहे. मास्तर म्हणाले, "ती खुर्ची रिकामी असेल तर मी हात वर करणार नाही." ते आठ ट्रॅक मी पुसून टाकले. या वेळी दोनच माइक, जोडीनं, सगळ्यांसाठी. त्यांची जागा शोधायला एक कान बंद करून हॉलभर फिरावं लागतं. तसं फिरायची मला गरज नाही. तिसऱ्या खिडकीशी लहानपणी चटई टाकून मी तुमचा सराव ऐकत बसायचे ना, तिथेच ते उभे राहतील.

पण खोटं मला जमणार नाही, आणि आता तुम्हालाही ते करावं लागू नये. तुमच्या माइकवर एका गाण्यात सूर होता, आप्पा. तुम्ही उठून जाण्याआधीचं ते संथ गाणं, त्याची सुरुवात. दोन ओळी, पूर्ण तुमच्या. साहेबांना ऐकवल्या तर त्यांनी हातातली केबल खाली ठेवली. डॉक्टर हो म्हणाले तर तेवढ्याच वाजवा. बाकीच्या वेळी क्लॅरिनेट मांडीवर ठेवून बसा, सगळ्यांसमोर, उघडपणे. डॉक्टर नाही म्हणाले तरी बसा. बोटं हलवायची नाहीत.

तुम्ही आलात तर मी हेडफोन काढून ऐकणार आहे.

तिसऱ्या खिडकीशी,
तुमची मोजायला चुकलेली
चिमी