कॉकपिटची काच

रविवार, १२ जानेवारी. वाणगाव.

सकाळी धाकटे दीर, प्रकाशभाऊजी, बोईसरहून आले. ह्यांनी शेडमध्ये बांधायला घेतलेल्या खऱ्याखुऱ्या छोट्या विमानाची वरची काच तेवढी चिकटवायची राहिली आहे. ह्यांच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना विमान पुरं दिसावं, फोटो निघावेत, अशी भाऊजींची इच्छा.

काच म्हणायची, पण ते पारदर्शक प्लास्टिक. ह्यांनी जायच्या आधी ते थोडं थोडं घासून चौकटीला बरोबर बसवलं होतं. पुसायला फक्त साबणाचं पाणी आणि स्वतःचं जुनं बनियन. आज भाऊजींनी त्याच बनियनवर कंपनीतून आणलेला थिनर ओतला. मी म्हटलं, "हे नेहमी साबणाच्या पाण्यानेच पुसायचे."

"वहिनी, तेलकटपणा गेल्याशिवाय ॲडहेसिव्ह धरत नाही. आमच्या प्लांटमध्ये याच्यापुढे काही टिकत नाही."

खरंच टिकलं नाही. त्यांनी काच पुसली आणि बघता बघता कडेपासून केसांसारख्या बारीक चिरा आत सरकल्या. आता त्या पुसून जाणार नाहीत.

"फोटोत दिसणार नाही," असं म्हणून त्यांनी ब्रश ॲडहेसिव्हच्या डब्यात बुडवला.

किळस आली मला. ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला आणि राहू द्या म्हटलं. वर त्यांना चहाही केला. कशाला केला?

फोटोत दिसणार नाही म्हणे. ह्यांना त्या काचेतून बाहेर बघायचं होतं.

ते गेल्यावर शेडला कुलूप लावलं. बनियन साबणाने धुतलं, थिनरचा वास गेला नाही. पुन्हा धुतलं, पिळलं आणि मागच्या दोरीवर वाळत घातलं.